एलिस बेटाचा बंद पूल

जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमध्ये पाण्याच्या कडेला उभे राहिले की एलिस बेट अगदी समोर दिसते. लाल विटांची भव्य इमारत, तिचे चार मनोरे आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत गेलेला एक साधा, अरुंद पूल. अंतर अर्धा किलोमीटरही नाही. माणूस रमतगमत निघाला तरी दहा मिनिटांत पोहोचेल. पण पुलाच्या तोंडाशी पहारा असतो. कर्मचाऱ्यांच्या आणि सामानाच्या गाड्या आत सोडतात, तुम्हाआम्हाला नाही. आपण मागे वळायचे, जुन्या रेल्वे टर्मिनलपाशी जायचे, विमानतळासारखी तपासणी करून घ्यायची आणि बोटीत बसायचे. मोठ्या माणसाचे तिकीट पंचवीस डॉलरच्या घरात आहे. बेटावर प्रवेश फुकट आहे, पण तिथे पोहोचायला पैसे पडतात.

हा पूल सर्वांसाठी खुला करावा, किंवा त्याच्या जागी पायी चालणाऱ्यांसाठी नवा, देखणा पूल बांधावा, की बेटावर बोटीनेच जाण्याची रीत कायम ठेवावी, हा वाद इथे कित्येक वर्षे चालू आहे. देशांतर करून आलेल्यांचे सर्वांत मोठे स्मारक ज्या बेटावर आहे, त्याच्या वाटेवरून हा वाद आहे. न्यू जर्सीत मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या यादीत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा हमखास असतो. एलिस बेट मात्र परतीच्या बोटीत अर्ध्या तासात उरकले जाते. तसे उरकू नये, म्हणून हा लेख.

इतिहास थोडक्यात. 1 जानेवारी 1892 रोजी अमेरिकेत येणाऱ्यांच्या तपासणीचे केंद्र इथे सुरू झाले आणि आयर्लंडमधल्या कॉर्कची ॲनी मूर ही मुलगी इथून पहिली आत गेली. पहिली लाकडी इमारत 1897 मध्ये जळाली, आजची 1900 च्या डिसेंबरमध्ये उघडली. 1954 मध्ये केंद्र बंद होईपर्यंत सुमारे 1 कोटी 20 लाख माणसे इथून अमेरिकेत शिरली. एकट्या 1907 या वर्षात दहा लाखांहून अधिक. जिना चढणाऱ्यांवर डॉक्टरांची नजर असे. कुणाला धाप लागली, कुणी लंगडला, की त्याच्या कोटावर खडूने खूण होई. परत पाठवले जाणारे शंभरात दोनच असत, पण त्या दोनांत आपण नसू ना, ही धाकधूक प्रत्येकाला होती. केंद्र बंद झाल्यावर बेट ओस पडले. माणसांची ने-आण करणारी जुनी फेरीबोट 1968 मध्ये धक्क्यालाच बुडाली, यावरून त्या काळातली हेळसांड कळावी. 1980 च्या दशकात दुरुस्ती झाली आणि 1990 मध्ये संग्रहालय उघडले.

या इमारतीत मी सर्वांत जास्त वेळ मान वर करून उभा राहिलो, तो नोंदणीच्या दालनात. दालन दोनशे फूट लांब, शंभर फूट रुंद. वर एकही खांब न टेकवता पसरलेले कमानदार छत, आणि त्या छतावर माशाच्या काट्याच्या नक्षीत बसवलेल्या भाजक्या मातीच्या चपट्या टाइल. छत मूळचे असे नव्हते. आधी साध्या प्लास्टरचे होते. 30 जुलै 1916 च्या मध्यरात्रीनंतर समोरच्या जर्सीच्या किनाऱ्यावर, ब्लॅक टॉम नावाच्या धक्क्यावर साठवलेला दारूगोळा जर्मन हस्तकांनी उडवून दिला. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि हा माल दोस्त राष्ट्रांकडे जायचा होता. बेटावरच्या काचा फुटल्या, दालनाचे छत कोसळले. पुतळ्याच्या हातातल्या मशालीलाही धक्का बसला. त्या रात्रीपासून मशालीत जाणे लोकांना बंद झाले, ते आजतागायत. तो ब्लॅक टॉमचा परिसर आज लिबर्टी स्टेट पार्कमध्ये येतो, जिथून हा पूल निघतो.

नवे छत 1918 मध्ये बांधले ते ग्वास्ताविनो कंपनीने. तिचे संस्थापक राफाएल ग्वास्ताविनो मूळचे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे. बार्सिलोनात नाव कमावल्यावर 1881 मध्ये लहान मुलाला घेऊन ते न्यूयॉर्कला आले. इंग्रजीचा गंध नव्हता. हातात होते ते भूमध्य समुद्राकाठच्या गवंड्यांचे पिढीजात कसब. पातळ टाइल उभ्या न लावता आडव्या चिकटवायच्या. पहिला थर झटपट आवळणाऱ्या प्लास्टरमध्ये, म्हणजे टाइल धरून ठेवावी लागत नाही, खाली सेंटरिंगचे जंगल उभारावे लागत नाही. मग त्यावर दुसरा, तिसरा थर सिमेंटमध्ये, खालच्या थराचे सांधे वरच्या टाइलने झाकले जातील असा. गवंडी नुकत्याच बांधलेल्या भागावरच उभा राहून पुढचा भाग बांधत जातो. थर एकजीव झाले की काही इंच जाडीची ती कमान टनावारी वजन पेलते, आणि आग लागली तरी जळत नाही. शिकागोची 1871 ची आग अमेरिकेच्या स्मरणात ताजी होती. न जळणारे छत ही त्या देशाची गरजच होती, आणि ती भागवायला परदेशातून आलेला एक कारागीर उपयोगी पडला.

थोरले ग्वास्ताविनो 1908 मध्ये वारले. एलिस बेटाचे छत त्यांच्या मुलाच्या, धाकट्या राफाएलच्या कारकिर्दीतले. वडिलांचे बोट धरून जो मुलगा या देशात आला, त्याच्या कंपनीने देशांतर करणाऱ्यांच्या डोक्यावर छत घातले. पुढे इमारत तीस वर्षे उघड्या वाऱ्यापावसात पडून होती. खिडक्या मोडल्या, भिंतींना ओल आली. दुरुस्तीला माणसे आली तेव्हा छताच्या सुमारे 28 हजार टाइलपैकी फक्त 17 बदलाव्या लागल्या. ग्वास्ताविनो कंपनी 1962 मध्ये बंद झाली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातल्या ऑयस्टर बारचे छत आणि सिटी हॉलजवळचे जुने भुयारी स्थानक हीही त्यांचीच कामे.

आता पुलाकडे. 1986 मध्ये दुरुस्तीचे सामान नेण्यासाठी हा पूल तात्पुरता म्हणून बांधला. काम संपल्यावर तो पाडायचा होता. जर्सी सिटीच्या लोकांनी विरोध केला, म्हणून टिकला. न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटनबर्ग यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या पादचारी पुलासाठी दीड कोटी डॉलर मंजूर करून आणले. लॉटनबर्ग यांचे आईवडील पोलंड आणि रशियातून आलेले, वडील पॅटरसनच्या रेशीम गिरणीत राबलेले. पण न्यूयॉर्क शहराने विरोध केला, बोटी चालवणाऱ्या कंपनीने केला, जुन्या वास्तू जपणाऱ्यांनीही केला. 1995 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेटाचा भराव टाकून वाढवलेला बहुतांश भाग न्यू जर्सीचा ठरवला, तरी पूल बंदच राहिला. न्यूयॉर्कवरच्या 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर सुरक्षेचे कारणही जोडले गेले.

विरोधकांचे म्हणणे हलके नाही. बोटीत भेटलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने ते मला मनापासून सांगितले. त्यांची आजी इटलीहून आली होती. "आजीने पुतळा पाण्यावरून पाहिला. बोटीने गेल्याशिवाय हे बेट कळायचे नाही," असे त्यांचे म्हणणे. बेटाची पाण्यात एकटी उभी असलेली आकृती पुलाने बिघडेल, ही वास्तुतज्ज्ञांची काळजीही रास्त आहे.

तरीही मला बोटवाल्यांची बाजू पटत नाही, आणि त्याचे कारण बेटावरच आहे. नोंदणीच्या दालनातून खाली उतरणारा एक जिना आहे. त्याला वियोगाचा जिना म्हणतात. तो तीन भागांत विभागलेला. डावीकडून उतरणारे न्यूयॉर्कच्या बोटीकडे जात. मधून उतरणाऱ्यांना थांबवून घेतलेले असे, कुणाला दवाखान्यात, कुणाला कोठडीत. उजवीकडून उतरणारे रेल्वेच्या तिकीट खिडकीकडे जात, आणि तिथून जर्सीच्या किनाऱ्यावरच्या स्थानकांकडे. पेनसिल्व्हेनियाच्या खाणी, शिकागोचे कारखाने, मिनेसोटाची शेते, सगळ्यांची वाट जर्सीकडूनच जायची. लिबर्टी स्टेट पार्कमधले 1889 चे टर्मिनल आजही उभे आहे, फक्त रूळ नाहीत. म्हणजे या माणसांच्या प्रवासाचा अर्धा भाग जर्सीच्या किनाऱ्यावर घडला आहे. बोट त्यांचे येणे दाखवते. पूल त्यांचे पुढे जाणे दाखवेल. स्मारकाला दोन्ही हवे.

आणखी एक गोष्ट. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी जहाजावरच होई. त्यांना सहसा या बेटावर यावे लागत नसे. इथे आणले जात ते जहाजाच्या तळातल्या स्वस्त तिकिटावर आलेले गरीब. त्यांच्या नावाने उभ्या असलेल्या जागेत जायला चौघांच्या कुटुंबाने ऐंशी डॉलर मोजावेत, आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या शाळेतल्या मुलांनी पूल दिसत असूनही बोटीच्या रांगेत लागावे, हे त्या माणसांच्या आठवणीला शोभत नाही. जर्सी सिटीचे मॉरिस पेसिन 1958 मध्ये होडी वल्हवत आठ मिनिटांत पुतळ्याच्या बेटावर गेले होते. गाडीने आणि बोटीने फेरा मारून तिथे जायला कुटुंबासह तासन्‌तास घालवल्यानंतर, आपल्या किनाऱ्यावरून ते किती जवळ आहे हे त्यांना दाखवायचे होते. पुढे त्यांच्याच पाठपुराव्यामुळे उकिरडा झालेल्या या किनाऱ्यावर 1976 मध्ये उद्यान झाले. पायी पूल ही त्याच मागणीची पुढची पायरी आहे.

आपला या बेटाशी संबंध काय, असे सोलापूरहून मुलाकडे आलेल्या एका काकूंनी उद्यानातल्या बाकावर मला विचारले. थेट संबंध थोडा. आनंदीबाई जोशी 4 जून 1883 रोजी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा हे केंद्र नव्हते. त्यांना न्यायला आलेल्या, ज्यांना त्या मावशी म्हणत, त्या कार्पेंटरबाई मात्र याच न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. पुढे 1917 च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना दारच बंद झाले. ते खऱ्या अर्थाने उघडले 1965 च्या कायद्याने, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली ती 3 ऑक्टोबरला, पलीकडच्या बेटावर, पुतळ्याच्या पायथ्याशी. एलिस बेट राष्ट्रीय स्मारकात सामील झाले तेही त्याच वर्षी. काकूंचा मुलगा आज जर्सी सिटीत नोकरी करतो, तो त्या सहीमुळे. बेटावरच्या सन्मानभिंतीवर सात लाखांहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि ती केवळ इथून गेलेल्यांची नाहीत. कुठल्याही काळात, कुठूनही अमेरिकेत आलेल्या माणसाचे नाव देणगी देऊन तिथे कोरता येते.

तक्रारीची जागा अजून पुष्कळ आहे. बेटाच्या दक्षिण भागातल्या दवाखान्याच्या इमारती अजून पडक्या आहेत. हेल्मेट घालून मार्गदर्शकासोबतच आत जाता येते. 2012 च्या सँडी वादळाने बेट वर्षभर बंद पाडले. उद्यानाचा मधला मोठा पट्टा दूषित मातीमुळे कित्येक दशके कुंपणाआड राहिला. पैसा लागेल अशी कामे भरपूर आहेत, हे खरे. पण पूल हा त्यांतला शेवटचा चैनीचा खर्च मानू नये. सध्याचा पूल कायमस्वरूपी वापराइतका भक्कम नाही, त्यामुळे आहे तोच उघडा म्हणणेही पुरेसे नाही. नवा पूल बांधावा, उंचीने बेताचा, इमारतीच्या रेषेला न छेदणारा, आणि त्यावर चालायला एक पैसाही घेऊ नये. बोट ज्यांना हवी त्यांच्यासाठी चालू राहावीच.

तोवर, न्यू जर्सीला जाणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे: मॅनहॅटनऐवजी जर्सी सिटीच्या टर्मिनलवरून सकाळची पहिली बोट घ्या. तिथून सुटणारी बोट आधी एलिस बेटावर थांबते आणि मग पुतळ्याकडे जाते. बेटासाठी निदान तीन तास राखून ठेवा, आणि छताखाली उभे राहून टाइल जरूर पाहा.