‘पुट ऑफ’ : अर्थ व उपयोग

महाराष्ट्रातील शाळांतून इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. शब्दार्थ मुले लवकर पाठ करतात. परंतु दोन ओळखीचे शब्द एकत्र येऊन तिसराच अर्थ देऊ लागले म्हणजे ती गोंधळतात. ‘पुट’ म्हणजे ठेवणे व ‘ऑफ’ म्हणजे दूर, हे ज्याला पाठ आहे त्याला ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, हे आपोआप उमगत नाही.

ही अडचण केवळ इंग्रजीतच येते असे नाही. मराठीत ‘वेळ मारून नेणे’ असे म्हणतात. त्यात कोणी कोणास मारीत नाही व काही उचलून नेतही नाही. ‘लांबणीवर टाकणे’ हाही तसाच प्रयोग. शिक्षकाने प्रथम अशी उदाहरणे मुलांपुढे ठेवावीत. मालवणी बोलणारे मूल कामाचा कंटाळा येऊन ‘फाल्यां करूया’ म्हणते, तेव्हा ‘पुट ऑफ’चा अर्थ त्याच्या तोंडी आलेलाच असतो.

मुख्य अर्थ असा : ठरलेली गोष्ट पुढच्या वेळेवर नेणे. समजा, सिंधुदुर्ग किल्ल्याची सहल जूनमध्ये ठरली. परंतु पावसाळ्यात मालवणहून किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या बंद असतात, म्हणून ती दिवाळीनंतर न्यावयाचे ठरले. तेव्हा म्हणावे, ‘वुई पुट ऑफ द ट्रिप’. सहल होणार आहे. दिवस तेवढा बदलला. सहल मुळीच व्हावयाची नसेल, तर ‘कॉल ऑफ’ म्हणावे. हा भेद किरकोळ नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षा प्रथम पुढे ढकलण्यात आली व त्याच महिन्यात ती रद्द करण्याचा निर्णय झाला. पहिला निर्णय ‘पुट ऑफ’, दुसरा ‘कॉल ऑफ’. पहिल्याचा अर्थ दुसऱ्यासारखा घेणारा विद्यार्थी अभ्यासच सोडून बसेल.

वाक्यरचनेबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. ‘पुट’चे भूतकाळी रूपही ‘पुट’च राहते.

२. नाम ‘ऑफ’च्या आधी वा नंतर येऊ शकते : ‘पुट ऑफ द टेस्ट’, ‘पुट द टेस्ट ऑफ’. सर्वनाम मात्र मध्येच यावे : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ ही रचना अशुद्ध होय.

३. पुढे क्रियापद आल्यास ते ‘इंग’प्रत्ययान्त असते : ‘ही पुट ऑफ गोइंग टु मालवण’.

याचा दुसरा अर्थ मन विटणे असा आहे. सुक्या मासळीच्या वासाने परगावच्या पाहुण्याची जेवणावरची वासना उडाली, तर ‘द स्मेल पुट हिम ऑफ’ असे म्हणतात.

मुलांची एक चूक वारंवार आढळते. कपडे घालणे म्हणजे ‘पुट ऑन’, तेव्हा कपडे उतरविणे म्हणजे ‘पुट ऑफ’ असावे, असा तर्क ती करतात. तेथे ‘टेक ऑफ’ हवे. तसेच कंदील विझविणे म्हणजे ‘पुट आउट’.

अर्थ फळ्यावर लिहून तो घोकून घेण्यापेक्षा शिक्षकाने मराठीत प्रसंग सांगावेत : वादळामुळे होडी दुसऱ्या दिवशी सुटली, पाहुणे न आल्याने बेत रद्द झाला, शर्ट भिजला म्हणून उतरविला. कोणत्या प्रसंगी कोणता प्रयोग योग्य, हे मुलांनी ठरवावे व कारणही सांगावे. कारण सांगता आले म्हणजे अर्थ समजला असे मानावयास हरकत नाही.