घोडे किती, ओझे किती?

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३०च्या दशकात एक अमेरिकी ड्यूसेनबर्ग मोटार तयार झाली. सांगाडा आणि एंजिन अमेरिकेचे, तर वरचे देखणे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यात घडवलेले. एंजिनाला सुपरचार्जर जोडलेला आणि शक्ती तब्बल ३२० अश्वशक्ती, असा कंपनीचा दावा. त्याच सुमारास अमेरिकेतल्या सर्वसामान्यांच्या फोर्ड व्ही-८ गाडीत ८५ घोडे असत. ऐकणारा तोंडात बोट घालील असाच तो आकडा होता. पण त्या गाडीचे वजनही दोन टनांहून अधिक होते, आणि ते सहसा कुणी विचारत नसे.

अमेरिकेच्या ऐषारामी आणि वेगवान मोटारींचा पुढचा सारा इतिहास म्हणजे याच दोन आकड्यांची ओढाताण आहे. खरे तर हा हिशेब आपल्याकडच्या कोणत्याही गाडीवानाला ठाऊक असे. बैलजोडी कितीही दांडगी असो, गाडीत पोती किती लादली आहेत हे पाहिल्याशिवाय ती चढ किती झपाट्याने चढेल ते सांगता येत नाही. मोटारीचेही तसेच. घोडे किती हा अर्धाच प्रश्न झाला. एका टनामागे घोडे किती, हा खरा प्रश्न.

या मोजपट्टीवर १९५५ सालची क्रायस्लर ३०० चांगलीच उतरते. तिचे नावच मुळी तिच्या ३०० अश्वशक्तीवरून पडले. आत चामड्याची गुबगुबीत बैठक आणि पुढे ५.४ लिटरचे ‘हेमी’ एंजिन. वजन अठराशे किलोंच्या पुढे, म्हणजे टनामागे साधारण १६० घोडे. श्रीमंतांना दिमाखात मिरवता यावे म्हणून काढलेल्या या गाडीने त्याच वर्षी टिम फ्लॉक या शर्यतपटूला नॅसकार शर्यतींचे अजिंक्यपद मिळवून दिले.

मात्र त्या काळचे हे घोडे थोडे हात राखूनच मोजायला हवेत. शक्ती मोजताना एंजिन गाडीबाहेर काढून चालवत. हवेची गाळणी, पंखा, सायलेन्सर असे शक्ती खाणारे भाग त्यावेळी बाजूला ठेवलेले असत. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या सर्व भाग जोडून मोजलेली, म्हणजे निव्वळ शक्ती सांगू लागल्या. परिणाम असा, की कॅडिलॅक एल्डोराडोच्या ज्या ८.२ लिटर एंजिनाची शक्ती १९७० साली ४०० सांगितली जात होती, तीच १९७२ साली २३५ झाली. मधल्या काळात कमी शिशाच्या पेट्रोलासाठी एंजिनातला दाब उतरवला होता, तेव्हा काही घोडे खरेच कमी झाले. पण उरलेले बरेचसे आधीपासून कागदावरच धावत होते.

वजन मात्र कागदावरचे नसते. १९६६ ची ओल्डस्मोबिल टोरोनॅडो घ्या. ७ लिटरचे एंजिन, ३८५ अश्वशक्ती, पुढच्या चाकांना चाल आणि दोन टनांच्या आसपास वजन. पळण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. तिची पंचाईत थांबताना होई. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. वेगात असलेली गाडी दोन-चार वेळा थोपवली की ते तापत आणि त्यांची पकड सुटू लागे. पुढच्या वर्षी कंपनीने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देऊ केले, तेही जादा पैसे मोजणाऱ्याला. गाडी थांबते तेव्हा तिची सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. ही ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. शक्तीच्या जाहिरातीत हे गणित कधी छापले जात नसे.

स्टुडबेकर कंपनीने वाट बदलून पाहिली होती. रेमंड लोवी यांच्या चमूने आखलेल्या १९६३ च्या अवंती गाडीचे अंग फायबरग्लासचे होते, एंजिन ४.७ लिटरचे आणि वजन दीड टनाच्या आसपास. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मूळचेच. पण कंपनीच आर्थिक गाळात रुतत चालली होती. तिने अवंतीचे उत्पादन वर्ष-दीड वर्षातच थांबवले.

बाकीच्यांकडे वजन वाढतच गेले. वातानुकूलन आले, काचा आणि बैठका विजेवर हलू लागल्या, आवाज दाबणारे थर आले, १९७३ पासून कायद्याने मजबूत बंपर आले. वजनाची गंमत अशी, की ते एकटे येत नाही. अंग जड झाले की स्प्रिंगा जाड लागतात, ब्रेक मोठे लागतात, एंजिन मोठे लागते आणि त्याला पाजायला टाकीही मोठी लागते. १९७६ ची एल्डोराडो या वाटेचे टोक होते. ८.२ लिटरचे एंजिन, निव्वळ अश्वशक्ती १९० आणि वजन सुमारे २,३०० किलो. टनामागे घोडे जेमतेम ८२! मुंबईकरांच्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी १.१ लिटरची, नऊशे किलोंची आणि चाळीसेक घोड्यांची. म्हणजे साडेसातपट मोठे एंजिन असून टनामागे एल्डोराडोची शक्ती पद्मिनीच्या दुपटीलाही पोचत नव्हती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते याला.

१९७३ च्या तेलटंचाईने डोळे उघडले. १९७७ साली कॅडिलॅकने आपली डेव्हिल ही गाडी नव्याने आखली. वजन सुमारे चारशे किलोंनी घटले आणि लांबी नऊ इंचांनी. एंजिनही ८.२ वरून ७ लिटरवर आले आणि शक्ती १९० वरून १८० झाली. तरीही टनामागे घोडे ८२ वरून ९५ च्या घरात गेले. शक्ती कमी झाली आणि गाडी चपळ झाली! गिऱ्हाईक नाराज होईल ही भीतीही खोटी ठरली. त्या वर्षी कॅडिलॅकचा खप घटण्याऐवजी वाढला. दहा वर्षांनी ब्युइकची जीएनएक्स आली. एंजिन केवळ ३.८ लिटरचे, पण टर्बो जोडलेले. २७६ अश्वशक्ती, वजन सोळाशे किलो, टनामागे १७२ घोडे. एका अमेरिकी मोटार-मासिकाच्या चाचणीत ताशी ९६ किलोमीटरचा वेग तिने ४.७ सेकंदांत गाठला.

धडा गिरवून झाला असे वाटत असतानाच वजन पुन्हा परतले आहे, या खेपेला बॅटरीच्या रूपाने. कॅडिलॅकच्या एस्कलेड आयक्यू या विजेवरच्या गाडीची शक्ती ७५० अश्वशक्ती आणि वजन चार टनांहून अधिक. भागाकार करून पाहा. टनामागे सुमारे १८० घोडे, म्हणजे जवळपास जीएनएक्सइतकेच. ताशी ९६ किलोमीटरचा वेग तीही पाच सेकंदांच्या आत गाठते, असे कंपनी सांगते. वेग घेताना विजेच्या मोटारीत हे ओझे फारसे जाणवत नाही.

पण ते समोरच्याला जाणवते. त्याच वेगात ही गाडी जीएनएक्सच्या अडीचपट ऊर्जा घेऊन धावत असते. ती थोपवायची ब्रेकने, आणि ब्रेक चुकला तर समोरच्या छोट्या गाडीने किंवा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाने. चपळाई भागाकाराने कळते, जोखीम मात्र गुणाकाराने वाढते. गाडीचे घोडे विचारण्याची हौस जुनीच आहे आणि ती राहणारही. फक्त त्यापाठोपाठ दुसरा प्रश्नही विचारावा: ओझे किती? पहिल्या उत्तराची मजा आतला माणूस घेतो. दुसऱ्याची किंमत बरेचदा बाहेरच्याला मोजावी लागते.