वृक्षतोडीचा कुलवृत्तांत

अमेरिकन लेखिका ॲनी प्रू यांची 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बार्कस्किन्स’ ही कादंबरी 1693 मध्ये, आजच्या कॅनडातील न्यू फ्रान्स या तत्कालीन फ्रेंच वसाहतीत सुरू होते आणि 2013 पर्यंत येऊन थांबते. एवढा पल्ला गाठण्यासाठी लेखिकेने कुलवृत्तांताची घडण स्वीकारली, आणि ती निवड विषयातूनच आलेली आहे. कारण पांढरा पाइन दोनशेहून अधिक वर्षे जगू शकतो, त्यामुळे त्याच्या अरण्याचा ऱ्हास एका माणसाच्या आयुष्यात मावत नाही, पिढ्यांच्या हिशेबानेच तो दिसू लागतो.

रने सेल आणि शार्ल द्युके हे दोन गरीब फ्रेंच तरुण करारबद्ध मजूर म्हणून, म्हणजे ठरावीक वर्षे धन्याची चाकरी केल्यावर जमीन मिळेल या बोलीवर, तेथे येतात. सेल रानातच राहतो आणि धन्याच्या दबावामुळे मारी या मिकमाक जमातीच्या स्त्रीशी लग्न करतो. औषधी वनस्पतींची जाण असलेल्या मारीसाठी रान हे अन्नाचे व उपचाराचे भांडार आहे, तर तिच्या नवऱ्याचे रोजचे काम तेच रान साफ करण्याचे आहे. वसाहतीचा सारा संघर्ष लेखिकेने अशा रीतीने एकाच चुलीपाशी आणून बसवला आहे आणि कादंबरीचे खरे बळ या संसारातच आहे. पळून गेलेला द्युके मात्र आधी फरच्या आणि मग लाकडाच्या व्यापारात शिरतो, व धंदा पुढे चालवायला वारस हवेत म्हणून मुले दत्तक घेतो. त्याच्या घराण्यात नाती भांडवलाच्या सोयीने जुळतात.

या व्यापारामागचा इतिहास खरा आहे. इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठी उंच, सरळ पाइन हवे होते, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या 1691 च्या सनदेने खासगी मालकीबाहेरच्या जमिनीवरील 24 इंच व त्याहून अधिक व्यासाची झाडे राजासाठी राखून ठेवली आणि अशा झाडांवर बाणाची खूण करण्याचा प्रघात पडला. वसाहतवाल्यांना ही सक्ती जाचू लागली व 1772 मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये तिच्यापायी दंगल झाली. पुढे तोड वाढत गेली तसे लाकूडतोडे हिवाळाभर रानातील छावण्यांत राहू लागले. बर्फावरून घसरगाड्यांनी ओढलेले ओंडके वसंतात नदीच्या पुरात सोडायचे, आणि ते अडकून पडले की त्यांवर उभे राहून मोकळे करायचे, हे काम जिवावर बेतणारे होते. शिकारीचे व मासेमारीचे प्रदेश हातचे गेल्यावर सेलांच्या पुढच्या पिढ्याही याच मजुरीवर येतात, आणि ज्या रानाने त्यांच्या पूर्वजांना पोसले तेच तोडून त्यांना पोट भरावे लागते.

उत्तरार्धात कथनाची गती इतकी वाढते की काही पात्रे ओळख होण्याआधीच मरतात, हा दोष मान्य करावा लागेल. तरीही एकोणिसाव्या शतकात द्युके घराण्याच्या, आता ‘ड्यूक’ झालेल्या, कंपनीची सूत्रे त्याच घराण्यातील लॅव्हिनियाकडे असताना वंशावळीचा शोध घेतला जातो, तो भाग अतिशय भेदक आहे. दोन्ही घराण्यांतील जुन्या विवाहसंबंधामुळे मिकमाक सेल हेच त्या संपत्तीचे वारस ठरतात असे त्यातून निघते, आणि कंपनीचे मालक ती माहिती दडपून ठेवतात.