ख्रिस्ती श्रद्धा आणि दैनंदिन काम

ख्रिस्ती श्रद्धा आणि दैनंदिन काम यांचा परस्परसंबंध हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक जुना विषय आहे. रविवारची उपासना आणि आठवड्याच्या इतर दिवसांची नोकरी, शेती किंवा धंदा ही दोन वेगळी जगे मानावीत की एकाच जीवनाची दोन अंगे मानावीत, हा त्यातील मूळ प्रश्न होय. महाराष्ट्रात या प्रश्नाला जातिव्यवस्था, दुष्काळ आणि रेल्वे यांमुळे वेगळे वळण मिळाले. नाशिक जिल्ह्यातील शरणपूरची ख्रिस्ती वसाहत आणि थळ घाटाच्या माथ्यावरील इगतपुरी हे रेल्वेचे गाव ही त्याची दोन लक्षणीय उदाहरणे आहेत.

संकल्पना

मराठी ख्रिस्ती परिभाषेत या विचाराचा आधारशब्द 'पाचारण' हा आहे. ईश्वर माणसाला एखाद्या जीवनासाठी किंवा कार्यासाठी बोलावतो, असा त्याचा अर्थ. मध्ययुगीन युरोपात हा शब्द मुख्यतः धर्मगुरू व मठवासी यांच्यापुरता वापरला जात असे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर याने चांभार, गवळण, न्यायाधीश यांचे कामही पाचारणच असल्याचे मांडले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४-०५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भांडवलशाहीच्या वाढीचा संबंध प्रॉटेस्टंट पंथांतील या कल्पनेशी जोडला. त्याच्या निष्कर्षावर अजूनही वाद आहे. कॅथलिक परंपरेत बेनेडिक्टच्या मठांनी प्रार्थना व श्रम यांची सांगड त्याआधी कित्येक शतके घातलेली होती. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी आणि १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कामगारांचे हक्क व श्रमाची प्रतिष्ठा यांवर स्वतंत्र परिपत्रके काढली.

पवित्र शास्त्रातील आधार सर्वपरिचित आहेत. येशूला त्याच्या गावचे लोक सुतार म्हणून ओळखत (मार्क ६:३). प्रेषित पौल करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू तयार करून पोट भरत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३). कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात काम मनापासून व प्रभूसाठी म्हणून करावे, असा उपदेश आहे. प्रवचनांत हे वचन वारंवार येते. मात्र ते मुळात गुलामांना उद्देशून आहे, ही बाब अनेकदा सांगायची राहून जाते. मालकासाठी राबणाऱ्या दासाला 'तुझा खरा धनी दुसराच आहे' असे सांगणे म्हणजे त्याला धीर देणे की त्याच्या दास्याला मान्यता देणे, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. शरणपूरच्या संदर्भात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

शरणपूर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिक शहराबाहेर शरणपूर ही वसाहत वसवली. आज नाशिकमधील शरणपूर रोड हे नाव तिची आठवण जागती ठेवते. धर्मांतरानंतर घरातून व जातीतून बाहेर पडलेल्यांना राहण्यासाठी जागा आणि पोटासाठी काम हवे होते. म्हणून वसाहतीत चर्च व शाळा यांच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम यांसारख्या कारागिरीचे शिक्षणही होते. जातीने ठरवून दिलेला धंदा सुटला तर माणसाने करायचे काय, या प्रश्नाला शरणपूरने दिलेले उत्तर कार्यशाळेचे होते.

याच वसाहतीत आफ्रिकी मुलेही आली. हिंदी महासागरात ब्रिटिश नौदलाने गुलामांची वाहतूक करणारी जहाजे पकडली, की सुटका झालेल्यांपैकी काहींना मुंबईस आणले जाई. त्यांतील अनेक मुले शरणपूरला वाढली, बाप्तिस्मा घेऊन नवी नावे धारण केली आणि हातात एखादा हुन्नर घेऊन बाहेर पडली. इंग्रजी साधनांत त्यांचा उल्लेख 'नासिक बॉईज' किंवा 'बॉम्बे आफ्रिकन्स' असा येतो.

संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ साली मुंबई इलाख्यात आला असता त्याने शेवटच्या आफ्रिका-मोहिमेसाठी येथील नऊ तरुण निवडले. त्याच्या रोजनिशीत या तरुणांविषयी आळस व कुरबुरी यांच्या तक्रारी आढळतात. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हे तरुण मिशनच्या शाळेत लिहायला-वाचायला व कारागिरी करायला शिकले होते, आणि मोहिमेत त्यांच्या वाट्याला बरेचसे काम ओझी वाहण्याचे आले. श्रम पवित्र आहेत असे शिकवले, तरी कोणते श्रम कोणी करायचे हे ठरवणारा दुसराच असतो, याचा अनुभव त्यांना लवकर आला असावा. तरीही एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनियल कुंबा हे दोघे अखेरपर्यंत मोहिमेबरोबर राहिले.

१८७२ साली लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठी नाशिकच्या शाळेतील आणखी काही तरुण पाठवण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे होते. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो येथे लिव्हिंगस्टनचा मृत्यू झाला. त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. दफनविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर मृत्यूचा लेखही त्यानेच कोरला. त्यानंतर शव सुकवून, गुंडाळून, सहकाऱ्यांनी ते शेकडो मैल पायी किनाऱ्यापर्यंत आणले. त्यांत लिव्हिंगस्टनचे जुने सहकारी सुसी आणि चुमा हे प्रमुख होते. वेनराइट शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटी वाहणाऱ्यांत त्याचा समावेश होता.

१८७५ साली प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन केली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला देण्यात आले. तिची घडी शरणपूरसारखीच होती आणि तेथे शिक्षक, कारागीर व धर्मोपदेशक म्हणून काम करणारी बरीच माणसे नाशिकहूनच गेली होती. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर या दोघा 'बॉम्बे आफ्रिकन्स'ना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांच्याकडून डीकनपदाची दीक्षा मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन दीर्घकाळ मोंबासात राहिला; त्याचे निधन १९३५ साली झाले.

इगतपुरी आणि रेल्वे

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील मार्ग १८६५ च्या जानेवारीत सुरू झाला. या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा तीव्र आहे. त्यामुळे कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. घाटमाथ्यावरील इगतपुरीत इंजिने, कर्मचारी आणि त्यांची निवासस्थाने यांची मोठी वसाहत उभी राहिली. १९३० च्या सुमारास विद्युतीकरण झाल्यावर मुंबईकडील एकदिश प्रवाहाची हद्द पुढील अनेक दशके येथेच होती आणि पुढे जाणाऱ्या गाड्यांची इंजिने येथे बदलली जात. (विपश्यना केंद्रासाठी आज प्रसिद्ध असलेले हे गाव मुळात असे धूर, पाणी आणि लोखंडाचे गाव होते.)

रेल्वेच्या प्रारंभीच्या कर्मचाऱ्यांत युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडील ख्रिस्ती यांची संख्या लक्षणीय होती. त्यामुळे रेल्वेमार्गावरील गावांमध्ये चर्चही आली. १८७१ साली मुंबईत आलेला अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर याचे काम विशेष उल्लेखनीय आहे. परदेशी निधी न घेता स्थानिक मंडळीने आपल्या कमाईतून चर्च चालवावे, असा त्याचा आग्रह होता. पौलाच्या तंबूकामाचा दाखला देऊन त्याने या पद्धतीवर १८७९ साली पुस्तकही लिहिले. त्याच्या अनुयायांत रेल्वेचे कर्मचारी बरेच होते, आणि मेथडिस्ट पंथाचे काम लोहमार्गाने पुढे सरकले. इगतपुरी हे त्यातले एक ठाणे. मुंबईतील जॉर्ज बोवेन (१८१६–१८८८) याने तर मिशनचा पगार नाकारून अत्यंत साधेपणाने राहत 'बॉम्बे गार्डियन' या पत्राचे संपादन केले.

रेल्वेच्या कामात श्रद्धेची खरी कसोटी रविवारी लागते. शब्बाथाच्या विश्रांतीची आज्ञा दहा आज्ञांपैकी एक आहे, आणि गाड्या सातही दिवस चालतात. या पेचातून ख्रिस्ती नीतिशास्त्राने जुनाच मार्ग काढला. खड्ड्यात पडलेला बैल शब्बाथाच्या दिवशीही बाहेर काढावा लागतो, या येशूच्या युक्तिवादावरून (लूक १४:५) आवश्यक कामे व दयेची कामे विश्रांतीच्या दिवशीही करता येतात, असे मानले गेले. घाटातील गार्ड, चालक, सिग्नलवाला यांचे काम त्यात बसते. हजारो प्रवाशांचे जीव त्यांच्या सावधपणावर अवलंबून असतात. तीव्र उतारावर निघण्यापूर्वी ब्रेक नीट तपासणे हे नियमपुस्तकातले कलम आहे. श्रद्धावान कामगाराच्या लेखी तेच शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचे पालनही ठरते. या विचारपद्धतीचे वैशिष्ट्य असे की, ती कामावर धार्मिक बोलणे वाढवण्याऐवजी काम अधिक चोख करण्याची अपेक्षा करते.

येथे एक गैरसमज दूर करणे योग्य होईल. भारतीय गिरण्यांतील रविवारची सुट्टी ही केवळ ख्रिस्ती राज्यकर्त्यांची देणगी नव्हती. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी लढा दिला आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे, असाही युक्तिवाद केला. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली.

बलुते, दुष्काळ आणि नवे व्यवसाय

अहमदनगर, जालना, नाशिक या भागांत ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावगाड्यात त्यांची कामे ठरलेली होती आणि त्यांपैकी काही कामे ग्रामदैवतांच्या विधींशी निगडित होती. देवळापुढे वाजवणे हे काम की पूजा? ते सोडले तर बलुते बुडणार, आणि केले तर मंडळीत प्रश्न उभा राहणार. या कोंडीला एकच एक उत्तर निघाले नाही. गावकीच्या वतनांचा कायदेशीर शेवट पुढे १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायद्याने झाला. दरम्यान नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापून स्वतंत्र उपजीविकेचा प्रयत्न केला.

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये हाच विचार स्त्रियांच्या संदर्भात दिसतो. दुष्काळातून व वैधव्यातून आलेल्या स्त्रिया तेथे विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर आश्रमाच्याच छापखान्यात तयार झाले. ते रमाबाईंच्या मृत्यूनंतर (१९२२) दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. ज्या हातांना समाजाने अशुभ ठरवले होते, त्यांनीच धर्मग्रंथाचे खिळे जुळवले.

परिचर्येचा व्यवसाय मराठी ख्रिस्ती स्त्रियांनी लवकर स्वीकारला, कारण परक्याच्या शरीराची स्वच्छता करणे उच्चवर्णीय घरांत कमीपणाचे व विटाळाचे मानले जाई. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरज येथे सुरू केलेले रुग्णालय या क्षेत्रातील महत्त्वाचे केंद्र ठरले. स्वातंत्र्योत्तर काळात वेल्लोर येथे शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुधा निरक्षर, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या कामाची प्रेरणा ख्रिस्ती असल्याचे त्यांनी लपवले नाही. सेविकेचे काम मात्र सर्व धर्मांच्या स्त्रियांचे होते.

मराठी परंपरेशी नाते

काम हीच भक्ती ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. सावता माळी, गोरा कुंभार, नामदेव शिंपी यांची नावेच त्यांच्या व्यवसायासह घेतली जातात. नाशिक परिसराशी निकटचा संबंध असलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरही संतांच्या भक्तिमार्गाशी नाते राखले. (त्यांना नवा करार प्रथम मिळाला तो १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाकडून.) वसई परिसरातील ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरमध्ये 'आगेरा' साजरा करतात, त्यात नवे भाताचे पीक आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणले जाते. तरीही एक भेद उरतोच. संतपरंपरेत कुंभार हा बहुधा कुंभारच राहून देवाला भेटतो. मिशनच्या वसाहतींत मात्र धंदा बदलणे हा मुक्तीचा भाग मानला गेला.

टीका आणि मर्यादा

शाळा, दवाखाना, कार्यशाळा यांतून होणारी सेवा ही धर्मांतराचे आमिष आहे, असा आक्षेप एकोणिसाव्या शतकापासून घेतला जातो. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात तो ठामपणे मांडला. अमरावती, यवतमाळ, बुलढाणा हे मराठी जिल्हे त्या वेळी त्याच राज्यात होते. वरिष्ठाने हाताखालच्या माणसापुढे किंवा डॉक्टरने रुग्णापुढे धर्माचा आग्रह धरणे यात अधिकाराचा दबाव येतो, हे अनेक ख्रिस्ती विचारवंतांनाही मान्य आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचे आचरण व प्रचार यांचे स्वातंत्र्य दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नसल्याचा निर्णय दिला.

दुसरी टीका आतून येते. प्रभूसाठी राबण्याच्या उपदेशाने कमी वेतन आणि जादा तास यांविरुद्धची तक्रार दाबली जाऊ शकते. मिशनच्या संस्थांतील 'सेवाभावी' पगार हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप याहून मूलभूत आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांचा समावेश इतर मागासवर्गांत होतो. परिणामी धर्म बदलल्याने नोकरीतील आरक्षणाचा हक्क बदलतो, पण गावातली वागणूक व मिळणारे काम तेवढे बदलत नाही.