रिकामी पिकअप घाटात का घसरते?

बेळगाव तालुक्याच्या उत्तर भागातील कडोली हे गाव सीमाभागात साहित्य संमेलनामुळे जेवढे परिचित, तेवढेच बटाटा, कोबी यांसारख्या पिकांमुळेही. बेळगाव परिसरातील हा माल जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या मार्गाने गोव्यात उतरतो आणि गोमंतकीयांच्या स्वयंपाकघरात पोचतो. जाताना पिकअप भरलेली असते. येताना बहुधा हौद्यात रिकामे क्रेट तेवढे असतात. पावसाळ्यात चालकांची तक्रार मात्र बऱ्याचदा या परतीच्या प्रवासाविषयी असते. भरली गाडी जिथे निमूट चालते, तिथेच रिकामी गाडी मागून घसरते किंवा चढावर तिचे चाक जागीच फिरते. यावरचा परंपरागत उपाय म्हणजे हौद्यात वाळूची पोती टाकणे. उपाय खरा आहे, परंतु तो कोठे लागू पडतो आणि कोठे अंगाशी येतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पिकअपचे इंजिन पुढे, केबिन पुढे आणि ओढणारी चाके मात्र मागे. गाडी रिकामी असताना वजनाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर पडतो. चाकाची रस्त्यावरील पकड ही त्या चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. ढोबळ हिशेब पाहावा. गाडीचे वजन १,६०० किलो असून त्यातील ६४० किलो मागच्या चाकांवर आहे, असे समजू. डांबरावर लाल चिखलाचा थर आल्यास पकड भाराच्या सुमारे पाचव्या हिश्शावर येते. म्हणजे मागची चाके १२८ किलोइतकाच जोर रस्त्याला लावू शकतात. शंभर मीटरला नऊ मीटर असा चढ असेल, तर गाडी वर नेण्यास १४४ किलोचा जोर हवा. चाक फिरते, गाडी हलत नाही. आता मागच्या एक्सलच्या बरोबर वर २०० किलो वाळू ठेवली, तर पकड १६८ किलोपर्यंत जाते आणि गरज १६२ किलोंची होते. फरक थोडा आहे. पण गाडी चढते ती त्या थोड्या फरकावरच.

हे तत्त्व शेतकऱ्याला नवे नाही. कुळव जमिनीत नीट रुतावा म्हणून त्यावर दगड ठेवण्याची किंवा स्वतः उभे राहण्याची रीत जुनीच आहे. ट्रॅक्टरला मागे रोटाव्हेटर जोडून तो उचलला की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, स्टिअरिंग ऐकेनासे होते. म्हणून पुढे बिडाची वजने अडकवतात. अमेरिकेत आणि कॅनडात हेच चित्र उलटे दिसते. तेथे हिवाळ्यात पिकअपच्या पुढे बर्फ लोटण्याचे पाते बसवतात. समजा ते ३०० किलोंचे असून पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढे लोंबते आणि दोन्ही एक्सलमधील अंतर ३.६ मीटर आहे. तेव्हा पुढच्या चाकांवर ३०० नव्हे, ४०० किलोंची भर पडते आणि मागच्या चाकांवरील भार १०० किलोंनी घटतो. तराजूच्या दांडीचाच हा न्याय. तो तोल सावरण्यासाठी तेथे वजन मागच्या एक्सलच्याही मागे, हौद्याच्या शेवटी बांधतात. एक्सलच्या ०.९ मीटर मागे ठेवलेली ८० किलो वाळू मागच्या चाकांना १०० किलो परत देते आणि पुढची २० किलो हलकी करते.

आपल्या घाटात मात्र ही जागा चुकीची ठरते. आपल्या पिकअपला पुढे पाते नाही. वजन अगदी मागे ठेवले, तर पुढची चाके विनाकारण हलकी होतात आणि ओल्या वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. येथे वजन मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढेच हवे. पोती दोरीने घट्ट आवळून हौद्याच्या कड्यांना बांधावीत. जोराचा ब्रेक लागला की सुटे पोते केबिनवर येऊन आदळते. पाण्याचे अर्धवट भरलेले कॅन तर टाळावेतच, कारण आतले पाणी वळणावर स्वतःच हेलकावे घेते. परतीचे भाडे मिळाले, तर त्याहून चांगले वजन नाही.

टायरमधील हवेकडे सहसा लक्ष जात नाही. भरल्या गाडीसाठी भरलेली हवा रिकाम्या गाडीला जास्त होते. आधीच ताठ असलेले पाटे आणि कडक टायर यांमुळे खड्ड्यावर मागचे चाक उसळते, आणि उसळलेल्या चाकाला पकड नसते. निर्मात्याने रिकाम्या व भरल्या गाडीसाठी हवेचे वेगळे दाब दिलेले असतील, तर ते पाळावेत. टायर गुळगुळीत झाला असेल, तर कितीही वाळू त्याला वाचवत नाही.

ब्रेकचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ब्रेक मारताच भार पुढे सरकतो. रिकाम्या गाडीची मागची चाके लगेच अडकतात आणि शेपूट फिरते. हे टाळण्यासाठी अनेक पिकअपमध्ये मागच्या भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी झडप असते. हौदा किती खाली दबला, यावरून ती भार ओळखते. जादा माल भरता यावा म्हणून ज्यादा पाटे घातले की हौदा दबत नाही. झडप फसते आणि भरल्या गाडीलाही मागचा ब्रेक अपुरा मिळतो. चोर्ल्याच्या उतारावर हा बदल किती महागात पडू शकतो, हे वेगळे सांगायला नको.

वाळूचे वजन हे मालाच्या वजनातच मोजले जाते. घाट चढताना घेतलेली पोती गोव्याकडे उतरताना गाडीत तशीच राहिली आणि वर मर्यादेएवढी भाजी भरली, तर गाडी जादा भाराची ठरते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा ब्रेकची चिंता मोठी: उतारावर वाढलेला प्रत्येक किलो ब्रेकमध्ये उष्णता बनून येतो. त्यामुळे माल भरण्यापूर्वी पोती उतरवून ठेवावीत, आणि उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा.