कपाशीचें बीं, सरकारचा नियम आणि गुलाबी बोंडअळी

शास्त्रज्ञांनीं शोध लावावा, सरकारनें नियम करावा आणि शेतकऱ्यानें तो पाळावा, अशी पुष्कळांची सोपी समजूत असते. परंतु शोध, नियम आणि शेत या तिहींची सांगड नीट बसली नाहीं, तर उत्तम शोधही थोड्याच वर्षांत निकामी होतो. याचें उदाहरण आपल्या वऱ्हाड-खानदेशांतील कापूस पिकविणारांनीं डोळ्यांदेखत पाहिलें आहे. तें बीटी कपाशीचें होय.

जमिनींतील एका सूक्ष्म जंतूच्या अंगीं बोंडअळीस मारक असें द्रव्य असतें. तें निर्माण करण्याचा गुण ज्यांत उतरविला आहे, अशा संकरित बियाण्यास भारत सरकारनें मार्च २००२ मध्यें परवानगी दिली. पुढें २००६ मध्यें दोन मारक द्रव्यें असलेलें बियाणें आलें. बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या आणि शेतकऱ्यांनीं हें बीं आपखुशीनें उचललें.

मात्र एकच विष वर्षानुवर्षें सर्व शिवारभर पसरलें, म्हणजे त्यास न जुमानणाऱ्या थोड्या अळ्या तेवढ्या जगतात, त्यांचे पतंग आपसांत जुगतात आणि तीच चिवट प्रजा वाढते. यावर शास्त्रज्ञांनीं आरंभींच उपाय सांगितला होता. शेताच्या कडेस थोडी बिगर-बीटी कपाशी लावावी. तिच्यावर साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग चिवट पतंगांशीं जुगतील आणि चिवटपणा लवकर पसरणार नाहीं. त्याप्रमाणें नियमही झाला. शेताभोंवतीं पांच ओळी किंवा क्षेत्राचा पांचवा हिस्सा, यांपैकीं जें अधिक असेल तेवढ्यांत ही कपाशी लावावयाची होती. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर त्यासाठीं १२० ग्रॅमचें निराळें पाकीटही मिळे.

हा नियम शास्त्रास धरून होता, परंतु शेतकऱ्याच्या हिशेबास धरून नव्हता, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्याची सारी जमीन दोन-चार एकर कोरडवाहू, त्यानें तिचा पांचवा हिस्सा अळीच्या तोंडीं कां द्यावा? नुकसान त्याचें एकट्याचें आणि लाभ साऱ्या गांवाचा! शेजाऱ्यानें नियम मोडला, तर याचें पाळणेंही फुकट जाई. लहान पाकिटांतील बीं मुख्य पिकाशीं जुळत नाहीं, अशीही तक्रार असे. मोडणारास जाब नव्हता आणि पाळणारास भरपाई नव्हती. परिणामीं तीं पाकिटें बहुधा बांधावरच पडून राहिलीं. त्यांत फरदडीची भर पडली. वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवल्यामुळें अळीस उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न मिळत गेलें.

याचें फळ फार दिवस लांबलें नाहीं. पहिल्या बियाण्यास गुलाबी बोंडअळी गुजरातेंतील कांहीं जिल्ह्यांत दाद देत नाहीं, हें २०१० मध्यें जाहीर झालें. पुढें दुसरें बियाणेंही तिच्यापुढें हतबल ठरलें, आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत बोंडें फोडावीं तों आंत अळी व किडलेली सरकी, अशी स्थिति झाली.

हीच अळी अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांतही होती. तेथें १९९६ पासून बीटीबरोबर बिगर-बीटी कपाशी लावण्याचा नियम बहुतेक शेतकऱ्यांनीं पाळला. पुढें २००६ पासून वांझ केलेले पतंग सोडण्याची मोठी मोहीम निघाली. शेतकरी स्वतः त्या कार्यांत सामील होते. अखेर २०१८ मध्यें अमेरिकेच्या कापूस-प्रदेशांतून ही कीड नाहींशी झाल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. तेथील शेतें मोठीं व आपलीं लहान, हा भेद खरा. म्हणूनच त्यांचा नियम जसाच्या तसा येथें चालणार नव्हता, हें आधींच ओळखावयास हवें होतें. बिगर-बीटी बीं त्याच पाकिटांत मिसळून देण्याची सोय आपल्याकडे अलीकडे झाली. पेरणाऱ्यावर वेगळा भार न टाकणारी ही युक्ति चांगली. परंतु वरातीमागून घोडें यावें तशी ती आली.

आतां केवळ बियाण्यावर विसंबून भागणार नाहीं. अळी शीव ओळखीत नाहीं, म्हणून उपायही गांवानें एकदिलानें केला पाहिजे. फरदड घेऊं नये. डिसेंबर-जानेवारीअखेर पीक काढून पऱ्हाटीची विल्हेवाट लावावी. एकरीं दोन कामगंध सापळे लावून रोजचे पतंग मोजावे. लागोपाठ तीन दिवस सापळ्यांत आठ-आठ पतंग आढळल्यास उपाय योजावा. डोमकळ्या दिसतांच तोडून अळीसह नष्ट कराव्या. किडकी सरकी व कवड्या घराजवळ सांठवूं नयेत.

आमची सरकारास एवढीच विनंति आहे कीं, पुढील बियाण्याचा नियम ठरवितांना शास्त्रज्ञांबरोबर पेरणाऱ्यासही बैठकीस बोलवावें. परंतु बोलावणें येण्याची वाट पाहत बसणेंही बरें नव्हे. ज्या गांवांत यंदा सर्व कापूसवाले एकाच मुदतींत पऱ्हाटी उपटतील, त्या गांवचा शब्द त्या बैठकींत अधिक वजनदार ठरेल.