फुफी, भाचा आणि दोन राज्ये : पाम्प्लोनाच्या राण्यांची हकीकत

अंदलूसचा विषय निघाला की आमच्या घरांत ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. 711 साली तारिक बिन जियाद समुद्र ओलांडून गेले, कुर्तुब्याची भव्य मशीद उभी राहिली, आणि 1492 मध्ये गरनाताचा शेवट झाला. मधल्या आठशे वर्षांत इकडे मुसलमान आणि तिकडे ख्रिस्ती असे दोनच गट सतत लढत होते, अशी मुलांची समजूत होते. आम्ही वर्गात इतिहास शिकवतो तेव्हा हेच चित्र मुलांच्या डोक्यात पक्के बसलेले दिसते.

लढाया झाल्या हे खरेच. पण त्या लढायांच्या मागे एक नातेवाइकीही होती. ती राजांच्या फर्मानांत दिसत नाही, घरांतील स्त्रियांकडे पाहिले की दिसते. म्हणून या लेखात आम्ही पाम्प्लोना या छोट्या राज्यातील राण्यांची आणि राजकन्यांची ओळख करून देत आहोत.

पाम्प्लोना हे शहर आजच्या स्पेनच्या उत्तरेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आहे. नवव्या शतकात तेथे बास्क लोकांचे एक ख्रिस्ती राज्य उभे राहिले. पुढे तेच नवारा या नावाने प्रसिद्ध झाले. कुर्तुबा तेथून 600 किलोमीटरांहून जास्त दूर. दक्षिणेत उमय्या घराण्याचे बलाढ्य सरकार आणि उत्तरेत डोंगराच्या आडोशाने टिकून राहिलेले हे चिमुकले राज्य. दोघांची बरोबरी होण्यासारखी नव्हती.

ओनेका

860 साली अमीर मुहम्मद यांच्या फौजेने पाम्प्लोनाचा राजपुत्र फोर्तून याला पकडून कुर्तुब्याला नेले. तो सुमारे वीस वर्षे तेथे ओलीस राहिला. त्याची मुलगी ओनेका हिचा संबंध अमिरांचा मुलगा अब्दुल्लाह यांच्याशी जोडला गेला. कुर्तुब्याच्या महालात तिला ‘दुर्र’ म्हणजे मोती म्हणत. तिच्या पोटी मुहम्मद नावाचा मुलगा जन्मला.

याच ओनेकाचा विवाह पाम्प्लोनाच्या राजघराण्यातील अझ्नार याच्याशीही झाला होता. त्या संसारात तिला तोदा नावाची मुलगी झाली.

आता नाते जुळवून पाहा. कुर्तुब्याचा मुहम्मद आणि पाम्प्लोनाची तोदा ही एका आईची लेकरे, वडील मात्र वेगळे. फराईजच्या भाषेत त्यांना अख्याफी भाऊ-बहीण म्हणतात. या मुहम्मदचा मुलगा म्हणजे अब्दुर्रहमान तिसरे, ज्यांनी 929 मध्ये खलिफा ही पदवी घेतली आणि अंदलूसला वैभवाच्या शिखरावर नेले. म्हणजे ख्रिस्ती पाम्प्लोनाची तोदा ही कुर्तुब्याच्या खलिफांची फुफी, मराठीत आत्या! खलिफांचे डोळे निळे होते आणि केसांत तांबूस छटा होती, असे इतिहासकार लिहितात. ती आजीकडची देणगी असावी.

तोदा

तोदाचा विवाह सांचो गार्सेस याच्याशी झाला. 905 मध्ये तो पाम्प्लोनाचा राजा झाला आणि तोदा राणी झाली. नवरा आणि भाचा यांच्या फौजा एकमेकींशी लढत राहिल्या. 920 मध्ये वाल्देहुंकेरा येथे अब्दुर्रहमान यांनी उत्तरेच्या राजांचा मोठा पराभव केला. 924 मध्ये त्यांच्या फौजेने खुद्द पाम्प्लोना शहर लुटले. पुढच्याच वर्षी सांचो वारला. मागे राहिली विधवा राणी आणि अल्पवयीन मुलगा गार्सिया. आधी दिराने कारभार पाहिला. तोही 931 मध्ये वारला, आणि राज्याची जबाबदारी तोदावर आली.

934 मध्ये खलिफांची फौज पुन्हा उत्तरेकडे निघाली. पाम्प्लोना दुसऱ्यांदा उद्ध्वस्त होणार असे दिसत होते. तेव्हा तोदा किल्ल्याचे दरवाजे बंद करून बसली नाही. ती आपली माणसे घेऊन कालाओर्राजवळ खलिफांच्या छावणीत गेली आणि भाच्यासमोर उभी राहिली. खलिफांनी तिचा मान राखला. तिने अधीनता कबूल केली, त्यांनी तिच्या मुलाचे राज्य मान्य केले आणि फौज पाम्प्लोनाला हात न लावता पुढे गेली. त्या वर्षी कितीतरी घरे जळायची वाचली.

ही सुलह कायम टिकली असे मात्र नाही. तीन वर्षांतच तोदाने ती मोडली. 939 मध्ये सिमान्कासच्या लढाईत पाम्प्लोनाचे सैन्य लिओनचा राजा रामिरो याच्या बाजूने लढले आणि खलिफांचा पराभव झाला. त्यानंतर अब्दुर्रहमान स्वतः कधी मोहिमेवर गेले नाहीत. रामिरो हा तोदाचा जावई. तिच्या तीन मुली लिओनच्या तीन राजांना दिलेल्या होत्या. तिचे एक नाते दक्षिणेला होते, तर दुसरे पश्चिमेला. दोन्हीकडे आपलीच माणसे असलेल्या बाईला कोणती बाजू घ्यावी हे ठरवणे किती अवघड असते, ते आमच्या वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको.

नातवाचा इलाज

रामिरो आणि तोदाची मुलगी उर्राका यांचा मुलगा सांचो लिओनच्या गादीवर बसला. तो इतका लठ्ठ होता की त्याला घोड्यावर बसणेही जमेना. 958 मध्ये सरदारांनी त्याला गादीवरून उतरवले. तो आजीकडे पाम्प्लोनाला आला.

तोपर्यंत तोदा म्हातारी झाली होती. लठ्ठपणावर इलाज करणारा हकीम आणि गादी परत मिळवून देणारी फौज, या दोन्ही गोष्टी तिला हव्या होत्या. त्या काळी दोन्ही एकाच ठिकाणी मिळत होत्या, कुर्तुब्यात. तिने भाच्याकडे निरोप पाठवला. खलिफांनी आपल्या दरबारातील यहुदी हकीम हस्दाई इब्न शप्रूत यांना पाम्प्लोनाला धाडले. हस्दाई वैद्यकात निष्णात होते, शिवाय अनेक भाषा जाणत आणि वाटाघाटींत वाकबगार होते. त्यांनी अटी घातल्या : राणीने नातवासह कुर्तुब्याला यावे, आणि गादी मिळाल्यावर दहा किल्ले खलिफांच्या हवाली करावेत.

राणीला हा प्रवास करण्यात कमीपणा वाटला असता तर नवल नव्हते. सिमान्कासच्या विजयाला अजून वीस वर्षेही झाली नव्हती. पण ती निघाली. मुलगा गार्सिया आणि नातू सांचो यांना घेऊन ती डोंगर, नद्या, पठारे ओलांडत कुर्तुब्याला पोहोचली. नव्याने बांधलेल्या मदीनतुज्जहरा या राजनगरीत त्यांचे शाही इतमामाने स्वागत झाले. सांचोचा इलाज झाला, वजन उतरले, आणि मुसलमान फौजेच्या मदतीने त्याला लिओनची गादी परत मिळाली. ख्रिस्ती राजा, यहुदी हकीम, मुसलमान खलिफा, आणि या तिघांना एका दालनात आणणारी एक आजी!

अब्दा

याच घराण्यातील दुसऱ्या एका मुलीची गोष्ट वेगळी आहे. तोदाचा नातू सांचो दुसरा हा 970 मध्ये पाम्प्लोनाचा राजा झाला. तेव्हा कुर्तुब्यात खरी सत्ता हळूहळू हाजिब अल मन्सूर यांच्या हाती जात होती. त्यांच्या स्वाऱ्यांपुढे उत्तरेतील एकही राज्य टिकेना. शेवटी सांचोने आपली मुलगी त्यांना दिली. तिने इस्लाम स्वीकारला आणि अब्दा हे नाव घेतले. मुस्लिम इतिहासकारांनी तिच्या दीनदारीचे कौतुक केले आहे. तिच्या मुलाचे नाव अब्दुर्रहमान. आजोबांवरून लोक त्याला ‘शंजूल’ म्हणजे छोटा सांचो म्हणत.

992 मध्ये आजोबा सांचो कुर्तुब्याला आला, तेव्हा हा लहानगा नातू त्याच्या स्वागताला सामोरा गेला. पण या नात्याने पाम्प्लोनाला कायमची शांतता लाभली नाही. स्वाऱ्या पुढेही होत राहिल्या. मोठेपणी शंजूल हाजिब झाला आणि 1008 मध्ये त्याने स्वतःला खिलाफतीचा वारस म्हणून जाहीर करवून घेतले. कुर्तुबा भडकले. 1009 मध्ये तो मारला गेला. त्यानंतरच्या फितन्यात 1031 पर्यंत खिलाफतच संपून गेली.

तोदा आणि अब्दा या दोघींतला फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. दोघींचेही नाते कुर्तुब्याशी होते. तोदा स्वतः छावणीत गेली, स्वतः बोलली, अटी ऐकल्या, कबूल केल्या. अब्दाचे लग्न मात्र वडील आणि हाजिब या दोन पुरुषांनी आपल्या राजकारणासाठी ठरवले. तोदाच्या हाती नाते एक साधन होते. अब्दाच्या वेळी मुलगीच साधन झाली. लेक देऊन भांडण मिटवण्याची रीत आजही गावोगाव ऐकू येते, म्हणून हे येथे लिहिले.

एका पानाची किंमत

ही नाती आज आपल्याला कशी कळतात? दहाव्या शतकाच्या अखेरीस नवारा भागात एक हस्तलिखित तयार झाले. त्याला रोदाचे हस्तलिखित म्हणतात आणि ते आज माद्रिदमध्ये जपून ठेवले आहे. त्यात पाम्प्लोनाच्या राजघराण्याचा शजरा आहे. लिहिणाऱ्याने मुलांबरोबर मुलींचीही नावे नोंदवली, त्या कोणत्या घरी गेल्या तेही लिहिले, आणि मुसलमान घरात दिलेल्या मुलींना त्यातून वगळले नाही. ओनेकाचे नाव त्यात आहे. ते गाळले असते, तर तोदा ही खलिफांची फुफी होती हे सांगायला फारसा आधार उरला नसता आणि 934 ची ती भेट केवळ एका हरलेल्या राणीची शरणागती ठरली असती.

आमच्याही पुष्कळ घरांत शजरा आहे. कोणाकडे पेटीत जुन्या कागदावर, कोणाकडे कुराण शरीफच्या जुजदानात. त्यात बापाचे नाव, आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव सापडते. आजीच्या जागी पुष्कळदा फक्त ‘जौजा’ असते, आणि दुसऱ्या गावी दिलेल्या लेकींची नावे तर नसतातच. वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. घरात कोणी वडीलधारी बाई हयात असेल, तर या सुट्टीत मुलांना वही-पेन देऊन तिच्याजवळ बसवा. तिचे, तिच्या आईचे, बहिणींचे, फुफी-खालांचे नाव, त्या कोणत्या गावच्या आणि कोणत्या घरी गेल्या, हे सारे लिहून घ्या.